रात्र जागते, दिवस पेंगतो

गेल्या महिन्यात तिशीतला एक तरुण दवाखान्यात आला. बाहेर पेशंटांची गर्दी होती आणि त्यालाही घाई होती. खुर्चीवर न बसता उभ्याउभ्याच म्हणाला, "डॉक्टर, आबांसाठी झोपेची एखादी गोळी लिहून द्या की. पंधरा दिवस झाले, म्हातारा स्वतः झोपत नाही आन् आम्हाला झोपू देत नाही. रात्री दोनला उठून गोठ्यात जातोय, म्हशी सोडतोय. दिवसा बघावं तर बसल्या जागी डुलक्या. मेडिकलवाल्याकडं मागितली, तर तो म्हणतोय चिठ्ठी आणा."

त्या मेडिकलवाल्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. असे दुकानदार थोडे.

"आबांना दुसरा काही आजार आहे का?"

"लिव्हरचा आहे. दोन वर्षं झाली. पोटात पाणी झालं होतं, पुण्याला दाखवलं. लिव्हर सिरोसिस सांगितलंय. पण ते आता बरं आहे. आता फक्त झोपेचंच बघा."

'आता फक्त झोपेचंच बघा.' हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत ऐकले होते. तेव्हा मी खरोखरच फक्त झोपेचे पाहिले, आणि त्याचे फळ एका भल्या माणसाने भोगले. ती हकिकत आज वाचकांना सांगतो. आपल्या भागात लिव्हरच्या रुग्णांची घरे काही कमी नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक घरांत झोपेचे खोबरे झालेले असते.

गोष्ट १९९६ सालची. मला गावात दवाखाना टाकून चार वर्षे झाली होती. प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक गुरुजी माझ्याकडे येत. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. पण ब प्रकारची कावीळ त्यांच्या शरीरात कधी शिरली आणि वर्षानुवर्षे मुकाट्याने लिव्हर पोखरत राहिली, हे कोणालाच कळले नव्हते. पोट फुगले, पाय सुजले, तेव्हा मिरजेला तपासण्या झाल्या आणि सिरोसिस निघाला. सिरोसिस म्हणजे लिव्हर कडक, गाठाळ होऊन आकसत जाणे. गावात कुजबुज सुरू झाली की गुरुजी चोरून घेत असणार. लिव्हर म्हटले की दारू, हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतके पक्के बसलेले आहे की निर्व्यसनी माणसाला आजाराबरोबर बदनामीही सोसावी लागते. गुरुजींना आजारापेक्षा तेच जास्त लागले होते.

एके दिवशी काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, त्यांना घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे, फक्त यांच्या झोपेचं बघा. रात्रभर येरझाऱ्या घालतात आणि सकाळी पेपर हातात घेतला की डोळे मिटतात." मी नाडी पाहिली, पोट पाहिले, पाणी वाढलेले नव्हते. आजाराची काळजी आणि त्यात लोकांचे बोलणे, झोप उडणारच, असा विचार करून मी झोपेची एक साधी गोळी लिहून दिली. साधी म्हणजे त्या काळी आम्ही सर्रास द्यायचो ती.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला काकूंचा मुलगा दारात उभा. गुरुजी उठत नव्हते. हाक मारली की डोळे किलकिले करत, काहीतरी असंबद्ध पुटपुटत आणि पुन्हा घोरू लागत. शेजाऱ्याच्या जीपमध्ये आडवे घालून तासगावमार्गे मिरजेला नेले. मी बरोबर होतो. त्या दीड तासात मी काकूंच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, तो गोळीबद्दल नव्हता. त्यांनी विचारले, "यांना शौचाला कधीपासून झालं नाही?" मला माहीत नव्हते. काकूंना माहीत होते. चार दिवस. मग ते शांतपणे म्हणाले, "सिरोसिसच्या पेशंटची झोप उडाली की गोळी लिहायची नसते, आधी शौचाचं विचारायचं असतं." सलाइन लागले, एनिमा देण्यात आले, लॅक्टुलोज नावाचे पातळ औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींनी डोळे उघडून विचारले, "आज वार कोणता?"

शौचाचा आणि झोपेचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. तो सांगतो.

आपण खातो त्या अन्नाच्या पचनातून आणि आतड्यांतल्या जंतूंच्या उद्योगातून अमोनिया तयार होतो. हा मेंदूला विषारी. आतड्यांतून निघणारे सगळे रक्त आधी लिव्हरमध्ये जाते आणि लिव्हर त्या अमोनियाचे युरियात रूपांतर करते. युरिया लघवीवाटे निघून जातो. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असे, तसे हे काम आहे. जकात आता राहिली नाही, पण नाका सर्वांना आठवत असेल. प्रत्येक ट्रक तिथे थांबणार, तपासला जाणार, मगच आत येणार. सिरोसिसमध्ये दोन गोष्टी घडतात. नाक्यावरची माणसे कमी होतात, कारण लिव्हरच्या कामाच्या पेशी घटतात. आणि नाक्यावर तुंबलेले ट्रक आडवाटा शोधतात, म्हणजे आकसलेल्या लिव्हरमधून रक्त नीट वाहत नाही म्हणून ते बाजूच्या फुगलेल्या शिरांतून परस्पर पुढे जाते. न तपासलेला माल थेट शहरात शिरतो. शहर म्हणजे मेंदू. त्यात पोट साफ होत नसेल तर मळ आतड्यांत साठून राहतो आणि अमोनियाची आवक वाढते.

मेंदूवर याचा परिणाम एकदम बेशुद्धीने सुरू होत नाही. आधी बारीकसारीक गोष्टी बिघडतात आणि त्यांत झोपेचा नंबर वरचा. दिवसा ग्लानी आणि रात्री जाग, अशी घड्याळाची उलटापालट होते. लंडनच्या डॉ. शीला शेरलॉक यांचे यकृतविकारांवरचे पाठ्यपुस्तक १९५५ साली प्रथम निघाले. तेव्हापासून डॉक्टरांच्या पिढ्यांना हे लक्षण शिकवले जाते. मीही ते वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. समोर गुरुजी बसले होते तेव्हा मात्र आठवले नाही.

आणि मी दिलेल्या गोळीने काय केले? या गटातल्या बऱ्याच गोळ्यांची विल्हेवाट लिव्हरच लावते. आजारी लिव्हरला त्या लवकर आवरत नाहीत. जे औषध निरोगी माणसाच्या अंगातून दीड-दोन दिवसांत निम्मे उतरते, त्याला सिरोसिसमध्ये दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. पहिल्या रात्रीची गोळी अंगात असतानाच दुसऱ्या रात्रीची पडते. त्यात मेंदू आधीच अमोनियाने मंदावलेला. तेव्हा ज्यांच्या घरात सिरोसिसचा रुग्ण आहे त्यांनी एवढे कृपा करून ध्यानात ठेवावे: शेजाऱ्याची, भावाची, मागच्या वेळची उरलेली झोपेची गोळी त्याला देऊ नये. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झापड येते त्या, गुंगी आणणारी खोकल्याची औषधे, हेही आपल्या मनाने देऊ नये. ज्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने अशी गोळी जुनीच चालू आहे, त्यांनी ती हा लेख वाचून एकदम बंदही करू नये, त्याचाही त्रास होतो. डॉक्टरांना आजाराची फाइल दाखवून विचारावे.

'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' असे म्हणून झोपेसाठी अश्वगंधाच्या गोळ्या घेण्याची हल्ली टूम आहे. बहुतेकांना काही होत नसेल. पण अश्वगंधा घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण परदेशात आणि आपल्याकडेही नोंदवले गेले आहेत. भारतातल्या अशा रुग्णांची माहिती २०२३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि ज्यांचे लिव्हर आधीच खराब होते त्यांचे हाल अधिक झाले, असे त्यात दिसते. ज्याचे लिव्हर काठावर उभे आहे, त्याने हा धोका का पत्करावा?

आता त्या तरुणाच्या आबांकडे येऊ. मी चिठ्ठी लिहिली नाही. संध्याकाळी आबांना घेऊन ये म्हणालो. मुलगा थोडा नाराज होऊन गेला, पण आला. आबा सत्तरीचे, जन्म शेतात आणि गोठ्यात गेलेला. बोलणे नीट होते, रामराम केला, पावसाचे बोलले. वरवर पाहणाऱ्याला काही वावगे वाटले नसते. मी म्हणालो, "आबा, एका मिनिटात जेवढी आठवतील तेवढ्या जनावरांची नावं सांगा." आबा हसले. म्हैस, गाय, बैल, शेळी, कुत्रं अशी सुरुवात झाली. मग थांबले. मांजर म्हणाले. परत म्हैस म्हणाले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. मिनिट संपले तेव्हा सहा नावे झाली होती. आयुष्यभर जनावरांत राहिलेल्या माणसाची सहा नावे! मुलाच्या चेहऱ्यावरची नाराजी तेव्हा उतरली.

ही चाचणी जगभर वापरतात आणि तिला कागद-पेन्सिलही लागत नाही. पंधराच्या वर नावे आली तर काळजी कमी, दहाच्या आत राहिली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. मधल्यांचीही तपासणी करून घेतलेली बरी. कमी शिकलेल्या आणि फार वयस्क माणसांना थोडी सूट द्यावी लागते, आणि एवढ्यावरून निदान पक्के होत नाही, हे खरे. मग मी आबांना दोन्ही हात पुढे करून, वाहतूक थांबवणाऱ्या पोलिसासारखे तळवे उभे धरायला सांगितले. तळवे मधूनमधून खाली झुकत आणि पुन्हा वर येत होते, पाखराने पंख हलवावेत तसे. तेही त्याच आजाराचे लक्षण.

"शौचाला कधी झालं होतं?" मी विचारले. मुलगा आईकडे पाहू लागला. तीन दिवस झाले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी लॅक्टुलोज लिहून दिलेलेच होते. पण आबांनी ते महिन्यापूर्वी बंद केले होते. का? तर घरात पुतणीचे लग्न होते, पाहुणेरावळे आले होते, संडास एकच. औषधाने पोट गुडगुडते, वारा सरतो, चारचौघांतून उठून जावे लागते. लग्न झाले, पाहुणे गेले, औषध मात्र सुरू झाले नाही.

या औषधाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गैरसमज फार आहे. लोक त्याला जुलाबाचे औषध समजतात आणि 'आता पोट ठीक आहे' म्हणून सोडून देतात. सिरोसिसच्या ज्या रुग्णाला ते दिलेले असते, त्याच्यासाठी ते डोक्याचे औषध आहे. आतड्यांत ते आम्लता वाढवते, त्यामुळे अमोनिया रक्तात कमी शिरतो आणि मळाबरोबर बाहेर पडतो. मात्रा चमच्यांवर मोजायची नसते, शौचांवर मोजायची असते. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौच झाले की मात्रा बरोबर. एकदाच झाले किंवा झालेच नाही तर कमी पडते आहे. पाच-सहा वेळा पाण्यासारखे होऊ लागले तर जास्त होते आहे, आणि तेही वाईट, कारण अंगातले पाणी कमी झाले की हाच त्रास उलट वाढतो. गोड लागते म्हणून काहींना नकोसे होते. ते पाण्यातून किंवा ताकातून घ्यावे. ज्यांना हा झटका पुन्हापुन्हा येतो त्यांना जोडीला रिफॅक्सिमिन ही गोळी देतात. तिने झटके कमी होतात हे २०१० साली मोठ्या अभ्यासातून दिसले. गोळी महाग आहे, तरी इस्पितळातल्या मुक्कामापेक्षा स्वस्त पडते.

बद्धकोष्ठ हे एकच कारण नसते, हेही सांगायला हवे. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग, पाणी उतरवण्याच्या गोळ्या जास्त होणे, रक्तातले सोडियम घटणे, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरेतून रक्तस्राव, या प्रत्येकाने झोपेची अशीच उलटापालट होऊ शकते. म्हणून ताप असेल, पोट दुखत असेल, डांबरासारखे काळे शौच होत असेल, रुग्ण माणसे ओळखेनासा झाला असेल किंवा जागा करूनही नीट जागा होत नसेल, तर घरी चमचे वाढवत बसू नये. गाडी काढून इस्पितळ गाठावे, रात्र असली तरी. आणि दिवसा पेंग येणाऱ्या अशा रुग्णाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देऊ नये, तो कितीही रागावला तरी.

काही रुग्णांचा अमोनिया आटोक्यात असतो, तरी झोप येत नाही. त्याचे एक कारण शरीराच्या घड्याळात आहे. अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य सोडते आणि शरीराला झोपेची वर्दी देते. ते द्रव्य साफ करण्याचे कामही लिव्हरकडेच. सिरोसिसमध्ये ते दिवसाही रक्तात रेंगाळते आणि रात्रीची त्याची भरती उशिरा येते. मग पहाटे चारला झोप लागते, आणि तेवढ्यात घरात चहाची भांडी वाजू लागतात. अशांनी सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास ओसरीवर, अंगणात उजेडात बसावे. दुपारची झोप अर्ध्या तासावर थांबवावी आणि तीननंतर अंथरुणाला पाठ लावू नये. संध्याकाळनंतर चहा नको. रात्री टीव्ही, मोबाइल लवकर बंद करावा. यात खर्च काही नाही आणि अपायही नाही. पण आजाऱ्याला दिवसभर अंधाऱ्या खोलीत, दार लोटून 'आराम' करायला लावायची आपली रीत आहे, ती मात्र मोडावी लागेल.

रात्रीच्या खाण्याबद्दल मला आणखी एक चूक कबूल करायची आहे. गुरुजी मिरजेहून परत आले तेव्हा मी काकूंना बजावले होते, "डाळ बंद, दूध बंद, फक्त भात आणि भाजी." त्या काळी आम्ही सगळेच असे सांगत होतो. प्रथिनांतून अमोनिया होतो, तेव्हा प्रथिनेच तोडा, असा साधा हिशेब होता. सहा महिन्यांत गुरुजींच्या दंडांची कातडी लोंबू लागली. पुढे २००४ साली स्पेनमधल्या एका अभ्यासात दिसले की प्रथिने तोडून झटक्याच्या रुग्णांचा काही फायदा होत नाही, उलट अंगातले मांस झडते. आणि अमोनिया जिरवण्याचे बरेचसे काम स्नायूही करतात! म्हणजे आम्ही गुरुजींचा दुसरा पहारेकरीही उपाशी मारत होतो. आता वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिने घ्यावीत असे सांगतात. मूग, तूर, मसूर, दूध, दही, ताक अशा पदार्थांतली प्रथिने बहुधा चांगली सोसतात.

शिवाय सिरोसिसच्या लिव्हरमध्ये साखरेची साठवण फार कमी असते. रात्रीच्या जेवणापासून सकाळपर्यंतच्या उपासात अशा रुग्णाच्या शरीराची जी अवस्था होते, ती निरोगी माणसाची दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर होते. शरीर मग स्वतःचे मांस तोडून खाते. म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात हवे: वाटीभर मुगाची मऊ खिचडी, दूध-पोहे, सातूचे पीठ, नाचणीची खीर. मधुमेह असेल तर गोड टाळून, डॉक्टरांना विचारून. साडेसातला जेवून अकराला रिकाम्या पोटी आडवे होणे या रुग्णांना परवडत नाही. एकादशी, चतुर्थीचे कडक उपासही सोडावेत. यावर घरोघरी वाद होतात, मी ते ऐकलेले आहेत.

पाणी उतरवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी कित्येकजण त्या संध्याकाळी घेतात आणि मग रात्रभर मोरीकडे चकरा. त्या सकाळीच घ्यायच्या असतात. पोटात पाणी फार झाले असेल तर उताणे झोपल्यावर धाप लागते. पाठीशी उशा लावून, कुशीवर झोपून पाहावे आणि पाणी काढण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

पोटऱ्यांत गोळे येणे हा या रुग्णांचा आणखी एक रात्रीचा छळ. वांब आला की पायाची बोटे आपल्याकडे ओढून पोटरी ताणावी. रक्तातले क्षार तपासून घ्यावेत. अमेरिकेत २०२२ साली एक गमतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळा आला की काकडी ज्या आंबट-खारट पाण्यात मुरवतात त्या पाण्याचा एक घोट प्यायला दिला, तर गोळ्याची तीव्रता साध्या पाण्यापेक्षा अधिक कमी झाली. एक घोट म्हणजे एकच घोट. हे वाचून कोणी आंब्याच्या लोणच्याचा खार वाटीभर पिऊ नये. पोटात पाणी होणाऱ्याला दिवसाचे सगळे मीठ मिळून एक चमचाभरच चालते.

काहींची झोप खाजेने जाते. चाळिशीतल्या एक बाई सहा महिने गजकर्णाची मलमे लावत होत्या. अंगावर पुरळ नव्हता. तळहात-तळपाय खाजत, संध्याकाळ झाली की वाढे आणि मध्यरात्री तर त्या फरशीवर पाय घासत बसत. रक्त तपासले तेव्हा लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांचा आजार निघाला. तो या वयाच्या बायकांत अधिक दिसतो. पित्त तुंबून होणाऱ्या या खाजेला ॲलर्जीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, नुसती झापड आणतात. तिच्यावर कोलेस्टायरामिन नावाची पाण्यात कालवून घ्यायची पूड आहे. मात्र ती आणि इतर औषधे यांत काही तासांचे अंतर ठेवावे लागते, नाहीतर पूड त्या औषधांनाही धरून ठेवते. आता त्यांना झोप लागते. पूड चवीला वाळूसारखी लागते, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खरी आहे.

सिरोसिसपर्यंत न पोचलेले, नुसत्या चरबीने लिव्हर भरलेले रुग्ण तर आता प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्यात जे जाड, आखूड मानेचे आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल इतके घोरणारे असतात, त्यांचा श्वास झोपेत मधूनच अडतो. दहा तास झोपूनही ते दुकानाच्या गादीवर पेंगतात. याची वेगळी तपासणी असते आणि नाकाला लावायचे यंत्रही असते. झोपेची गोळी इथेही घातकच.

दारूबद्दल एवढेच सांगतो, की दोन पेग मारल्यावर येते ती झोप उसनी असते, मध्यरात्रीनंतर ती मोडते. सोडताना पहिले काही आठवडे, कधी काही महिने, झोप फार वाईट जाते. आणि त्याच रात्रींत माणसे पुन्हा बाटलीकडे वळतात. घरच्यांनी त्या दिवसांत टोमणे मारण्यापेक्षा सोबत जागावे. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम सोडताना डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

गुरुजी त्यानंतर सात वर्षे जगले. ती काकूंच्या वहीमुळे, असे मी मानतो. शाळेची दोनशे पानी वही घेऊन त्यांनी पट्टीने रकाने आखले होते. शौच किती वेळा, रात्री जाग किती वाजता, दुपारी झोप किती, आणि शेवटच्या रकान्यात गुरुजींची सही. सही त्यांनी स्वतःच्या अकलेने घातली होती. मी सांगितले नव्हते. गुरुजींचे अक्षर तालुक्यात प्रसिद्ध होते, फळ्यावरची त्यांची बाराखडी पाहायला दुसऱ्या शाळांचे मास्तर येत. १९९९ च्या ऑगस्टमध्ये काकू वही घेऊन आल्या आणि माझ्यापुढे उघडून धरली. शौचे दोन, जाग एकच, सगळे ठीक दिसत होते. पण सहीतल्या 'र'चा पाय तीन दिवस ओळीखाली घसरत होता. गुरुजींना बोलावून तपासले तर हात किंचित फडफडत होते, आणि पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग निघाला. वेळेत इंजेक्शने मिळाली. त्या खेपेला बेशुद्धीपर्यंत पाळी आली नाही.

ती वही काकूंनी मला देऊन टाकली आहे. आबांच्या मुलाला मी ती दाखवली. पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून, रक्त तपासून आबांना आम्ही दोन दिवस ठेवून घेतले होते, लॅक्टुलोज पुन्हा सुरू केले होते. दुसऱ्या दिवशी जनावरांची नावे चौदावर गेली, त्यांत एक हत्तीही होता. मुलाने वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि जाताना स्टेशनरीच्या दुकानातून तशीच वही घेतली.

परवा त्याचा फोन आला. "काल दोनदा झालं, मऊ. रात्री अकराला झोपले ते चारला उठले."

"चारला उठून गोठ्यात गेले का?"

"नाही. चहा मागितला. आईनं खिचडी दिली."